पाहुणचाराची पुस्तके आणि पुस्तकाबाहेरचा पाहुणचार

१

स्वयंपाकाच्या पुस्तकाला आपण वाङ्मयेतिहासात जागा देत नाही. ग्रंथसूचीत त्याची नोंद गृहशास्त्राच्या सदरात होते आणि बहुधा तेथेच त्याचा अभ्यास संपतो. वास्तविक ज्या गद्यात लेखक वाचकाला सतत उद्देशून बोलतो, वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा वाक्यावाक्याला अंदाज घेतो, आणि ज्याच्या यशापयशाचा निकाल त्याच दिवशी ताटात लागतो, असा दुसरा गद्यप्रकार क्वचितच सापडेल. 'चवीपुरते मीठ' या दोन शब्दांत लेखक वाचकावर किती विश्वास टाकतो, हे पाहण्यासारखे आहे. तो विश्वास कोणावर टाकला जातो आणि कोण त्या विश्वासाच्या कक्षेबाहेर राहते, हा प्रश्न सामाजिक आहे तितकाच वाङ्मयीनही आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक कोपरा तपासायचा आहे. इंग्रजी मुद्रणविश्वात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यजमानाच्या फळीवर दोन प्रकारची पुस्तके शेजारी शेजारी आली: एक जेवण कसे रांधावे हे सांगणारे, दुसरे पेये कशी मिसळावीत हे सांगणारे. दोन्ही मिळून घरी पाहुणे बोलावण्याचे एक शास्त्र तयार झाले. मराठीत यांपैकी पहिले पुस्तक आले, वाढले, घरोघर पोचले. दुसरे आलेच नाही. 'आपल्या संस्कृतीत ते बसत नाही' असे याचे सोपे उत्तर दिले जाते. पण मालवण, वेंगुर्ले, शिरोडे या किनाऱ्यावर उभे राहिले की हे उत्तर अपुरे वाटू लागते. येथे पेय झाडावर आहे. माडाच्या पोयीतून ते ठिबकते, काजूच्या बोंडातून ते गळते, आणि गावच्या राखणदाराला कोंबड्याबरोबर ते देण्याची रीतही अनेक वाड्यांत आहे. देवाच्या पाहुणचारात जे आहे ते पुस्तकात का नाही, असा हा प्रश्न आहे.

२

प्रथम शेजारच्या परंपरेकडे पाहू. १८६२ साली न्यूयॉर्कला जेरी थॉमस या मद्यशाळेतील कारागिराचे पेये मिसळण्याविषयीचे पुस्तक निघाले. अमेरिकेत छापलेले या विषयावरचे पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्याची सुरुवात 'पंच' या पेयप्रकाराने होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे, कारण 'पंच' हा शब्द हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गेला असे मानले जाते. १६३२ सालच्या एका इंग्रजी पत्रात तो आढळतो. ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराशी निगडित आहे. १६७०च्या दशकात सुरत, मुंबई, कोकण आणि गोवा या भागात वावरलेल्या जॉन फ्रायर या वैद्याने १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात या शब्दाची व्युत्पत्ती सरळ 'पाच' या संख्यावाचकाशी जोडली आहे: पाच पदार्थ मिसळून केलेले ते पंच. सर्व कोशकारांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. काहींना तो शब्द मद्याच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असे वाटते. तथापि फ्रायरच्या काळी या किनाऱ्यावर वावरणाऱ्या युरोपियनांना तो शब्द येथलाच वाटत होता, एवढे निश्चित. आणि त्या पेयाचा आधार असलेला 'अर्राक' म्हणजे पुष्कळदा माडाच्या रसापासून गाळलेली दारूच होती.

म्हणजे ज्या मिश्रपेयांची पाठ्यपुस्तके पुढे न्यूयॉर्क आणि लंडनला छापली गेली, त्यांच्या वंशावळीत आपल्या माडाचीही एक फांदी आहे.

१८७८ साली मद्रासला 'वायव्हर्न' या टोपणनावाने कर्नल केनी-हर्बर्ट यांचे पाकशास्त्रावरील पुस्तक निघाले. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज 'निर्वासितां'साठी सुधारलेली पाककला शिकवणे हा त्याचा घोषित हेतू होता आणि छोटेखानी मेजवान्यांसाठी तीस भोजनपत्रिका त्यात सविस्तर मांडल्या होत्या. १८८८ साली फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे गृहव्यवस्थेचे जाडजूड पुस्तक आले. त्यात स्वयंपाकाइतकेच नोकरांवर देखरेख कशी ठेवावी याचे धडे आहेत. या पुस्तकांतली यजमानीण स्वतः चुलीपाशी नाही. ती हुकूम देते, किल्ल्या सांभाळते आणि तपासणी करते. चुलीपाशी असलेला देशी खानसामा पुस्तकात वारंवार येतो, पण वाचक म्हणून कधीच येत नाही. त्याच्याविषयी लिहिले जाते. त्याला उद्देशून लिहिले जात नाही.

पुढे १९३० साली लंडनच्या सव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉक याचे सुमारे साडेसातशे मिश्रपेयांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. क्रॅडॉक अमेरिकेत हा व्यवसाय करत होता. तेथे १९२० साली दारूबंदी आल्यावर तो इंग्लंडला परतला. मद्यशाळा बंद झाल्या तेव्हा अमेरिकेतले पिणे घरात शिरले आणि घरच्या यजमानाला मार्गदर्शनाची गरज भासू लागली. मिश्रपेयांच्या पुस्तकांची वाढ आणि दारूबंदी यांचे नाते असे उलटे-सुलटे आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण दारूबंदी मुंबई इलाख्यातही येणार होती आणि तिचा परिणाम अगदी वेगळा होणार होता.

३

या किनाऱ्यावरील पेयाची छापील माहिती मात्र पाकपुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे. गोव्यात १५५६ साली छापखाना आला आणि १५६३ साली तेथे गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्यात माडावर एक स्वतंत्र संवाद आहे. नारळ देणारे माड आणि 'सुरा' देणारे माड असा भेद करून ती सुरा कशी काढतात, ती गाळून 'उर्राक' कसा करतात, आणि पहिल्या धारेच्या दारूला फुलाचे नाव कसे आहे, हे ओर्ता सांगतो. आज सावंतवाडी-बांद्याकडे काजूच्या हंगामात 'हुर्राक' हा शब्द ऐकू येतो, तो याच शब्दाच्या कुळातला. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. झाड परके, शब्द अरबी वळणाचा, भट्टी मात्र गावची, अशी ही सरमिसळ आहे.

ओर्ताचे वर्णन वैद्याचे आहे. त्यानंतर वर्णन करणारे बदलले: प्रवासी आले, मग महसुली अधिकारी आले. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, प्रसिद्ध झाला. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. अशा दस्तऐवजांत माड हा मुख्यतः उत्पन्नाचा विषय आहे. कारण दोनच वर्षांपूर्वी, १८७८ साली, मुंबई अबकारी कायदा झाला होता आणि छेदणीच्या प्रत्येक झाडामागे कर व परवाना आला होता. त्याच १८७८ साली इंग्रज-पोर्तुगीज करार झाला. त्याने गोव्याचे मीठ आणि गोव्याची अबकारी या दोन्ही बाबी मुंबईच्या व्यवस्थेशी बांधल्या, आणि तो १८९२पर्यंत टिकला.

या तारखा एकत्र ठेवून पाहाव्यात. १८७५ साली पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापले गेले. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. १८७८ साली मद्रासला वायव्हर्नचे पुस्तक, त्याच वर्षी मुंबईचा अबकारी कायदा, १८८० साली गॅझेटियर. अवघ्या पाच वर्षांत अन्न आणि पेय यांची मुद्रणातली वाटणी होऊन गेली. अन्न पाकपुस्तकाकडे गेले. पेय कायद्याच्या पुस्तकाकडे गेले. माडी कशी काढतात याची पद्धतशीर माहिती हवी असेल तर मराठी वाचकाला सुगरणीकडे जाता येत नाही. त्याला महसूल खात्याचे दप्तर उघडावे लागते.

४

मराठी पाकपुस्तकाच्या मागे जी संस्कृत परंपरा उभी आहे तिच्यात ही वाटणी नव्हती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त (सुमारे ११३०) 'अन्नभोग' आणि 'पानीयभोग' हे राजाच्या उपभोगांतले दोन शेजारी अध्याय आहेत. अन्नभोगात शाकाहारी पदार्थांबरोबर मासे आणि मांसही आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी तंजावरच्या मराठी राजाश्रयाने 'भोजनकुतूहल' लिहिले. प. कृ. गोडे यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. जिलेबीच्या इतिहासासाठी ते आजही उद्धृत होते. पण त्या ग्रंथाचा रोख बदललेला आहे. कोणते अन्न पथ्यकर, कोणत्या महिन्यात काय वर्ज्य, धर्मशास्त्राला काय मान्य, हे विचार तेथे महत्त्वाचे आहेत. उपभोगाच्या शास्त्राकडून आचाराच्या शास्त्राकडे ही वाटचाल आहे.

छापील मराठी पुस्तकाने यात आणखी एक बदल केला: वाचक स्त्री झाली. 'सूपशास्त्र' या नावात अजून संस्कृतचा दिमाख आहे. सूपकार म्हणजे स्वयंपाकी, आणि त्याचे ते शास्त्र. १९१० साली निघालेल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या पुस्तकाचे नाव मात्र 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' असे आहे. शास्त्र जाऊन मैत्री आली. लेखिका पाठारे प्रभू समाजातल्या, त्यामुळे मासळी आणि मांस यांना या स्वयंपाकात हक्काची जागा आहे; मराठी पाकपुस्तक आरंभापासून शाकाहारी होते, हा समज या एका पुस्तकानेही खोटा ठरतो. १९४०च्या दशकात मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' काढली. चित्रापूर सारस्वतांच्या घरांतले पदार्थ त्यात गोळा केलेले आहेत, आणि पदार्थांबरोबर सणवारांचे नियमही आहेत. हे पुस्तक एका संस्थेचे आहे, आणि ती संस्था गावाबाहेर पडलेल्या बायकांची आहे, हे महत्त्वाचे. जेथे आई किंवा सासू हाकेच्या अंतरावर असते तेथे पुस्तक लागत नाही. पुस्तक लागते ते गिरगाव-गावदेवीच्या खोलीत एकट्या पडलेल्या सुनेला.

याच सूत्राची परिणती १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'त झाली. तिच्या प्रतींची संख्या लाखावर गेली आणि कमलाबाईंना 'लाख सुनांची सासू' असे कौतुकाने म्हटले जाऊ लागले. या यशाचे एक कारण मापात आहे. १९५६च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली, आणि शेर-पायली-अधोली-चिपटे यांची सवय असलेल्या घरांत ग्रॅम आणि लिटर अजून रुजायचे होते. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हे माप धरले. वाटी प्रत्येक घरात होती, परदेशी निघालेल्या मुलीच्या पेटीतही होती. सरकारने केलेल्या प्रमाणीकरणाला घराने दिलेले हे उत्तर होते.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की स्वातंत्र्योत्तर भारतातल्या, प्रामुख्याने इंग्रजी, पाकपुस्तकांनी शहरी मध्यमवर्गासाठी एक 'राष्ट्रीय' पाकशैली घडवली आणि तिचे घटक म्हणून 'प्रादेशिक' शैलीही घडवल्या. मराठी पुस्तकांना हे विधान जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांचा आरंभ फार आधीचा आहे आणि त्यांचा एकक राष्ट्र नसून घर आणि ज्ञाती हा आहे. परंतु एक गोष्ट समान आहे: छापले गेल्यामुळे काही स्वयंपाकघरे नमुना ठरली आणि बाकीची 'खासियत' ठरली. मालवणी स्वयंपाक हा असाच खासियतीच्या प्रकरणात आलेला स्वयंपाक आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत यजमानाचे पेयपुस्तक का झाले नाही? मला यामागे तीन कारणे दिसतात, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. मिश्रपेयाला साठवलेले, बाटलीबंद मद्य लागते, बर्फ लागतो, माप लागते. माडीला यांतले काही लागत नाही. माडाची न उमललेली पोय बांधून, ठेचून, तिचे टोक रोज वाकड्या कोयत्याने पातळ कापावे लागते आणि खाली मडके टांगावे लागते. सूर्योदयापूर्वी उतरवलेला, आतून चुना लावलेल्या मडक्यातला रस म्हणजे नीरा. तो गोड असतो. तोच रस ऊन चढल्यावर आंबून माडी होतो, आणि एक-दोन दिवसांत शिर्का. चवीचा सगळा प्रपंच काळावर अवलंबून आहे. येथे कृती म्हणजे वेळ ओळखणे. अशा पेयाचे पुस्तक लिहिणे अवघड असते, कारण त्याची पाककृती घड्याळात आणि झाडावर चढणाऱ्याच्या हातात असते.

दुसरे कारण त्या हातापाशीच आहे. जेरी थॉमस मद्यशाळेतला कारागीर होता, आणि तरी ग्रंथकार होऊ शकला. आपल्याकडे माड छेदणारा भंडारी किंवा रेंदेर हा पिढीजात कारागीर होता. त्याच्या ज्ञानाला जातीची कुंपणे होती आणि त्याच्या नावापुढे परवान्याचा क्रमांक होता. छापखान्याजवळ असलेले वर्ग वेगळे, झाडाजवळ असलेले वेगळे. ज्या लेखिकांनी पाकपुस्तके लिहिली त्यांना पेयाविषयी लिहिणे शोभणारे नव्हते, आणि ज्यांना लिहिता आले असते त्यांना कोणी लेखक मानले नसते. घरातल्या बाईला मात्र दोन्ही बाजू ठाऊक होत्या. दारूबरोबर लागणारे तळलेले मासे, चुलीत भाजलेला सुका बांगडा, कांदा घातलेली सुकी सुंगटे हे चाखण्याचे पदार्थ तिनेच करायचे असत. पुस्तकात ते 'सुक्या मासळीचे प्रकार' म्हणून येऊ शकतात, पण कशाबरोबर खायचे हे तेथे लिहिलेले नसते. वाक्याचा उत्तरार्ध गाळलेला असतो.

तिसरे कारण कायदा. मे १९३०मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच सविनय कायदेभंगाच्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निरोधनेही झाली. किनाऱ्यावरच्या घराला समुद्र आणि माड यांकडून जे फुकट मिळत होते, मीठ आणि रस, त्या दोन्हींवर सरकारचा हात होता. पण राष्ट्रीय चळवळीने यांतल्या एकाला पवित्र केले आणि दुसऱ्याला पाप ठरवले. मीठ हातात घेणे हे देशकार्य झाले, मडके हातात घेणे हा अधःपात. (सव्हॉय हॉटेलचे पुस्तकही त्याच वर्षीचे, ही काळाची एक चमत्कारिक जुळणी.) पुढे १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली, आणि १९४९च्या कायद्याने ती इलाखाभर पसरली. तो कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही आहे, आणि पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूद कागदावर कायम आहे. अमेरिकेत बंदीने यजमान घडवला. येथे तिने 'परमिट रूम' हा शब्द घडवला. हे पिणे घराबाहेरचे, पडद्याआडचे आणि बायकांशिवायचे राहिले. त्यातून विनोद निर्माण झाला, प्रहसने झाली, गुन्हेगारी कथा झाल्या. पाहुणचाराचे पुस्तक निर्माण होणे शक्यच नव्हते. नीरेला मात्र चळवळीने आणि पुढे सरकारने जवळ केले. एकाच झाडाचा एकच रस पहाटे खादीच्या पंक्तीत बसला आणि दुपारी पोलीस ठाण्यात गेला.

शेजारच्या गोव्याशी तुलना केली म्हणजे ही कारणे अधिक स्पष्ट होतात. तेथल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरात माडी हे पेय आहेच, शिवाय तो स्वयंपाकातला घटक आहे: सान्नां तिनेच आंबवतात, आणि मांसाच्या पदार्थांची आंबटी तिच्याच शिर्क्याची असते. त्यामुळे तेथे ती स्वयंपाकाच्या शब्दसृष्टीत राहिली. सिंधुदुर्गातल्या हिंदू घरात आंबटपणाचे काम कोकमाच्या सोलांनी केले. तेरेखोलच्या खाडीच्या दोन काठांवरची ही दोन आंबटे म्हणजे दोन इतिहास आहेत.

६

मग मालवणच्या किनाऱ्यावर पाहुणचाराचे शास्त्र नव्हते काय? होते, पण त्याची संहिता वेगळ्या ठिकाणी होती.

येथला सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे स्वतःच्याच घरातला माणूस. गिरणीत, गोदीत, पोस्टात नोकरी करणारा चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येई, पूर्वी आगबोटीने, मग एस.टी.ने, आणि १९९८पासून कोकण रेल्वेने. त्याच्यासाठी कोंबडी-वडे, घावणे आणि नारळाचा रस, शिरवाळ्या, तवशाचे धोंडास, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले. वर्षभर मनीऑर्डर पाठवणाऱ्याला घराने दिलेली ती पोच होती. माप म्हणाल तर नारळाची एक कवड, मूठभर सोले, बोटाच्या पेरापर्यंत पाणी. ही मापे देहाची आहेत, आणि देहाबरोबर ती जातात.

मुंबईत हाच माणूस खानावळीत जेवत असे. गिरणगावातल्या खानावळी पुष्कळदा कोकणातून आलेल्या बायका आपल्या खोलीतच चालवत. पैसे घेऊन केलेला हा घरगुती पाहुणचार होता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना संघटित केले तेव्हा त्यांचे काम प्रथमच 'काम' म्हणून मोजले गेले. १९८२च्या संपाने गिरण्या मोडल्या आणि त्यांच्याबरोबर ही गिऱ्हाइकेही विखुरली. या बायकांनी रोज शेकडो ताटे वाढली. त्यांच्या नावाचे पाकपुस्तक आपल्या ग्रंथालयात शोधावे म्हटले तर हात रिकामेच येतात.

खानावळीचा संबंध मराठी साहित्याशी अगदी जवळून आलेला आहे. वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे १९३० साली जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू, यांनी कुडाळला खानावळ चालवली होती. 'जोगवा' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९५९चा. त्यांच्या कवितेचा विचार करताना आपण गूढता, नियती, निसर्ग यांविषयी पुष्कळ बोलतो. पण गल्ल्यावर बसून उधारी मोजणारा आणि परक्यांना जेवू घालणारा माणूस त्या लेखनात कोठे आहे, हे क्वचित विचारतो. जयवंत दळवी यांच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये (१९६४) आरवलीच्या आसपासचा गाव त्याच्या खाण्यापिण्यासकट, हेव्यादाव्यांसकट अवतरला. आणि १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठित केली. मुंबईतल्या हॉटेलांच्या पाटीवर 'मालवणी' हा शब्द आज अभिमानाने झळकतो, त्यामागे मासळीइतकेच या नाटकाचेही श्रेय मानावे असे मला वाटते. बोलीला मान मिळाला, मग मसाल्यालाही मिळाला.

दारूविषयी जे पाकपुस्तकाने गाळले, ते या कथा-कादंबऱ्या-नाटकांनी टिपले. म्हणजे आपल्याकडे पाहुणचाराच्या संहितेचे तीन तुकडे झाले: रांधणे पाकपुस्तकात, पिणे कायद्यात, आणि या दोहोंमधला माणूस ललित साहित्यात. इंग्रजीत जे एका फळीवर मिळते ते आपल्याला तीन कपाटांतून गोळा करावे लागते.

७

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, भोगवे येथे घरोघर पर्यटक उतरू लागले आणि चाकरमान्यासाठी राखलेला पाहुणचार अनोळखी माणसाला ठरलेल्या दराने मिळू लागला. यात कुरकुर करण्यासारखे काही नाही. ज्या बाईच्या हाताला आजवर नुसती वाहवा मिळत होती तिला आता मोबदला मिळतो आहे. सोलकढी जेवणाच्या शेवटी भातावर घेण्याची किंवा वाटीने पिण्याची गोष्ट होती. ती आता पेल्यात घालून आल्या आल्या पुढे केली जाते. ज्या किनाऱ्याने पेयाचे पुस्तक लिहिले नाही त्याने अखेरीस स्वागताचे पेय म्हणून निवडले ते हे: नारळाचे दूध, कोकम, लसूण, मिरची. निवड विचारपूर्वक केलेली नसेल, पण तिच्यात दीडशे वर्षांचा कायदा आणि लोकलाज दोन्ही मुरलेली आहेत. माड तोच आहे. त्याचा रस देता येत नाही, म्हणून त्याच्या फळाचे दूध दिले जाते.

मात्र या बदलाबरोबर एक हानी चालू आहे आणि तिची दखल साहित्याच्या अभ्यासकांनीच घ्यायला हवी. पर्यटकाला कळावे म्हणून पदार्थांची नावे प्रमाण मराठीत आणि हिंदीत उतरू लागली आहेत. 'तिखले' आणि 'हुमण' यांतला भेद 'फिश करी' या शब्दाने पुसला जातो. पोय छेदणारे हात कमी झाले, तसे त्या कामाचे शब्दही कमी झाले: हत्यारांची नावे, मडक्याची नावे, रसाच्या तासातासाच्या अवस्थांची नावे. त्या शब्दांना पाकपुस्तकाने आसरा दिला नाही, कायद्याने त्यांचे भाषांतर केले, आणि साहित्यात ते प्रसंगापुरते आले.

मराठीच्या वर्गात बोलीचा अभ्यास करताना आपण म्हणी, ओव्या, गाऱ्हाणी गोळा करतो. त्याच वहीत एका खानावळवालीची मापे आणि एका रेंदेराची दिवसाची वेळापत्रके उतरवून घेणे अवघड नाही. 'चवीपुरते' म्हणजे किती, हे तिला विचारावे. ती बोटांनी दाखवील. ते शब्दांत कसे मांडायचे, हा अभ्यासकाच्या गद्याचा कस आहे. आणि माडी कधी उतरवायची हे त्याला विचारताना त्याच्या परवान्याऐवजी त्याचे नाव आधी लिहून घ्यावे. १८८०च्या गॅझेटियरला त्याची गरज वाटली नव्हती.